अंधाराची वाटणी

सूर्य कुणाच्या बापाचा नसतो, असं लोक म्हणतात. आमच्या शिवारात तो सर्जेरावच्या बापाचा निघाला, आणि तेही बाप मरून बरीच वर्षं झाल्यावर.

मी रईस. उमापूरच्या बाजारात मोटारी भरायचं दुकान चालवतो. विहिरीवरची मोटार जळली की लोक ती माझ्याकडं आणतात, मी जळकी तार उपटून नवी तांब्याची तार भरून देतो. माझे अब्बा खाजामियाँ हेच करायचे. लाईट कमी-जास्त झाली की मोटार जळते, आणि लाईट धड आली असा दिवस आमच्याकडं क्वचितच उगवला, म्हणून आमच्या घरात चूल पेटत राहिली. आता सगळीकडं सोलर आलंय. वारा येईल तशी पाठ द्यावी, म्हणून मीही ठेकेदाराच्या हाताखाली प्लेटा बसवायला जातो आणि दुकान माझी बायको हाफिजा सांभाळते. त्याची मला तक्रार नाही. माझी तक्रार एका विहिरीची आहे.

ती विहीर ओढ्याच्या पलीकडं, रामकिसनबाबांची. त्यांना दोन मुलं, थोरला सर्जेराव आणि धाकटा समाधान. समाधान माझा शाळेतला दोस्त. म्हाताऱ्यानं जिवंतपणीच वाटणी करून टाकली, विहारात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून. जमीन दोरी लावून वाटता येते, विहीर येत नाही. मोटार एक, जोडणी एक, आणि लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा यायची, काही दिवस रात्री. म्हाताऱ्यानं त्यातूनच वाट काढली. दिवसाच्या लाईटीचं पाणी थोरल्याचं, रातच्या लाईटीचं धाकट्याचं.

आज ऐकताना वाटेल की धाकट्याला गंडवलं. तसं नव्हतं. दिवसा सगळं शिवार एकदम मोटारी चालू करतं, लाईट दबते आणि मोटार नुसती घरघरत बसते. रात्री निम्मे लोक झोपलेले असतात, लाईट पूर, म्हणजे पूर्ण दाबानं येते, पाइप तोंडभरून पाणी टाकतो. समाधान तेव्हा बिनलग्नाचा आणि अंगानं दणकट. त्यानं स्वतःच सांगितलं, "रात मला द्या. दादाला झोप लई प्यारी हाय." सगळे हसले. ही गोष्ट तो माझ्या दुकानात बसून रंगवून सांगायचा. वाटणीला बसलेले दोन्ही पंच आता नाहीत. रामकिसनबाबा नाहीत. सर्जेराव सोडला तर त्या दिवशीचं आठवणारी एकच उरली, ती म्हणजे त्यांची बायको जाईबाई.

समाधाननं त्या रातच्या पाण्यावर मोसंबीची बाग लावली. माया लग्न होऊन आली तेव्हा रोपं तिच्या गुडघ्याएवढी होती. मोसंबीला फळ यायला चार-पाच वर्षं लागतात, तोवर ती नुसती पाणी पिते. समाधान म्हणायचा, "लेकरू नोकरीला लागंपर्यंत बापानं जागायचंच असतं." त्यांना लेकरू झालं नाही, त्यामुळं लेकरू म्हणायला ती बागच होती.

बागेच्या तिसऱ्या वर्षी, पाणी मोडताना, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना, त्याला मण्यार डसली. मण्यारीचा डंख लवकर कळत नाही. काटा टोचला असेल म्हणून त्यानं उरलेल्या दोन ओळी भिजवल्या आणि मग घरी आला. बीडला नेताना जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वाटेतलं गढी गाव ओलांडलं आणि त्याचा श्वास थांबला. गाडी परत फिरवायची का, असं ड्रायव्हरनं विचारलं.

नवव्या-दहाव्या दिवसापासून माया रात्रीच्या पाण्याला जायला लागली. पायात नवऱ्याचे गमबूट, पुढं चिंध्या कोंबलेले, आणि हातात काठी. दर पाऊल टाकण्याआधी ती काठी जमिनीवर आपटायची. शेजारच्या शेतातला गडी मला सांगायचा की लांबून ऐकलं तर कुणीतरी कुदळीनं खड्डा खणतंय असं वाटायचं. ती भित्री नव्हती, पण भीती तिला सुटली नव्हती. "रईसभाई," ती एकदा म्हणाली, "मला पाण्याचं काय न्हाई वाटत. मला अंधाराचंच वाटतं. यांना नेलं त्यानं."

आणि मग ती घोषणा आली. शेतकऱ्याला दिवसा वीज, सूर्याची वीज. टीव्हीवर, फलकांवर, एसटीच्या मागच्या बाजूला. लोक काहीही म्हणोत, मला ती गोष्ट मनापासून आवडली होती. रात्री पाणी द्यायला जाऊन किती माणसं गेली, ते आमच्या भागात प्रत्येक गाव बोटांवर मोजून सांगेल. कोळसा जाळायचा, धूर काढायचा आणि ती वीज शेतकऱ्याला मध्यरात्री द्यायची, हा कुठला न्याय? सूर्य फुकट आहे आणि तो दिवसाच असतो. ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं चांगलंच ठरवलं. फक्त ठरवताना त्यानं एका विहिरीवर एकच शेतकरी धरला.

जुनी जोडणी सोडून दिली तरच प्लेटा मिळतील, असं आम्हाला सांगण्यात आलं. जोडणी सर्जेरावच्या नावावर होती, अर्जही त्याच्याच नावानं होणार होता. आणि सर्जेरावला सोलरची काही गरज नव्हती, दिवसाची लाईट त्याची होतीच. मायानं त्याच्या मागं लकडा लावला. घरी गेली, शेतात गेली, जावेला मध्ये घातलं. शेवटी त्याचे पाय धरले.

"दादा, मला रातचं जावं लागू नये एवढंच. दुसरं काय मागत न्हाई."

"तुझ्यासाठी करतो बरं का," सर्जेराव म्हणाला. "मला काय अडलं न्हाई."

सर्जेराव वाईट माणूस होता, असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. समाधानच्या तिरडीला खांदा देताना तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. पहिल्या वर्षी मायाची पेरणी त्यानंच करून दिली. आई त्याच्याकडंच राहायची, आणि तिचं पथ्यपाणी नीट व्हायचं. त्याचा मुलगा बीडला स्पर्धा परीक्षेच्या क्लासला होता. चारचौघांसारखा माणूस, आणि चारचौघांनाच पाण्याजवळ काय होतं ते मी मोटारी भरता भरता पुष्कळ पाहिलंय.

दिवाळीनंतर प्लेटा आल्या. मीच बसवल्या. खांब रोवले, चौकटी कसल्या, विहिरीत नवी मोटार सोडली. जुने खांब आणि तार वीज कंपनीची माणसं उतरवून घेऊन गेली. पहिल्या दिवशी मायानं प्लेटांखाली मेणबत्ती लावली, सगळ्यांना पेढे दिले. दहाच्या सुमारास ऊन वर आलं, मी बटण दाबलं आणि पाणी उसळलं. माया पाण्यात हात घालून उभी राहिली. "कोमट हाय," ती म्हणाली, "रातचं पाणी लई गार लागायचं." मग ती रडायला लागली. जाईबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवशी मला आपल्या धंद्याचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

पहिल्या दिवशीचं पाणी सर्जेरावच्या रानात गेलं. थोरला आहे, त्याचं आधी, हे सगळ्यांनाच बरोबर वाटलं. दुसऱ्या दिवशीही त्याच्याकडंच गेलं, आणि तिसऱ्याही. रोज दिवसा पाणी मिळतंय म्हटल्यावर त्यानं ओढ्याकडचं कोरडवाहू रान नांगरून सगळ्यावर कांदा लावला. आठवडाभर वाट पाहून माया बांधावर गेली.

"दादा, उद्या माझी पाळी धरू का?"

"धर की," तो हसून म्हणाला. "रात तुझीच हाय."

तीही हसली. चेष्टा समजली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा तो हसला नाही.

"बापानं वाटून दिलंय, माया. दिवस माझा, रात तुझी. म्या नवीन काय बोलत न्हाई."

"पण रातची लाईटच गेली ना दादा! मोटार चालायची कशावर?"

"लाईट म्या काढली का? प्लेटा कोण मागत व्हतं? म्या तर नगंच म्हणत व्हतो."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण इथं हात दाखवणारीनं दाखवला होता तो जीव वाचावा म्हणून. माया माझ्या दुकानात आली आणि स्टुलावर बसून राहिली. हाफिजानं चहा दिला, तो तसाच गार झाला. मी बीडच्या एका कचेरीत जाऊन आलो. तिथला माणूस सभ्य होता. त्यानं सांगितलं, एक पंप, एक लाभार्थी. घरातली वाटणी घरात मिटवा, नाहीतर कोर्टात जा. विजेची जोडणी परत मिळेल का, विचारलं. सोलर दिलेल्या ठिकाणी नाही, म्हणाला. प्लेटांची वीज साठवायला बॅटरी? ती योजनेत नाही. तो नियमाप्रमाणं बोलत होता. मला त्याच्याशी भांडायचं होतं, पण भांडण कशाचं काढावं तेच कळेना.

पौष पौर्णिमेला विहारात बैठक बसली. वस्तीतले वडीलधारे होते, आणि शेजारच्या शिवाराचे बद्रीनाथअण्णा, ज्यांना गावात कुठलाही तंटा मिटवायला बोलावतात. त्यांची हातोटी अशी की दोघांनाही वाटावं आपण जिंकलो. मला मायानं बोलावलं होतं.

सर्जेराव हात जोडून उभा राहिला. "याच जागी, याच फोटोसमोर बापानं शब्द दिलाय. दिवस थोरल्याचा, रात धाकट्याची. आता तो शब्द मोडायचा आसंल तर मोडा. म्या काय, बसतो गप."

बाबासाहेबांसमोर दिलेला शब्द मोडा, असं म्हणायची कुणाची टाप होती? सगळे जमिनीकडं पाहू लागले. बद्रीनाथअण्णांनी तंबाखू मळली.

तेव्हा माया उठली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला. "शब्द मोडू नका," ती म्हणाली. "रात माझी, कबूल. मग मला सांगा, रातभर विहिरीत झरे सुटतात. सकाळी विहीर हातभर वर आलेली आसती. ते पाणी रातीचं हाय का दिवसाचं? ते दादा रोज सकाळी ओढून नेतेत. ते माझं न्हाई का?"

तिचं म्हणणं खरं होतं आणि कुणालाच ते आधी सुचलं नव्हतं. सर्जेरावचाही चेहरा पडला. मला वाटलं, जिंकली पोरगी.

"म्हातारीला इचारा," कुणीतरी म्हणालं. "ती व्हती तवा."

जाईबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना उठवून उभं करायला लागलं. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट होता. "मालकानी समाधानला रात दिली, कारण रातची लाईट पूर यायची. धाकट्याला पानी जास्ती भेटावं म्हून. आमी पानी वाटलं व्हतं, सर्जेराव. अंधार वाटला न्हवता."

"माय, तू गप बस," सर्जेराव म्हणाला. "तुला सकाळी जेवलेलं ध्यानात ऱ्हात न्हाई."

कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला अडवलंही नाही. आणि मग सर्जेराव मायाकडं वळून म्हणाला, "रातचं पाणी तुझं ना? घे की मग. रातचं काढून घे. कोण नगं म्हणतंय?"

बद्रीनाथअण्णांचा चेहरा उजळला. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. त्यांनी निवाडा सांगितला, विहिरीत रात्री येणारं सगळं पाणी मायाचं, ते तिनं रात्रीत काढावं. सूर्य उगवला की थोरल्याचं. बापाचा शब्दही राहिला आणि विधवेचा हक्कही. लोकांनी माना डोलावल्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार. काढायचं कशानं, हे विचारलं फक्त मी, आणि अण्णा म्हणाले, "तू मिस्त्री हायेस ना बे? मग कर की काहीतरी." मला त्या क्षणी त्या सगळ्या भल्या माणसांची शिसारी आली.

त्याच संध्याकाळी जाईबाईंनी आपली दोन लुगडी आणि गोधडी गुंडाळली आणि मायाच्या घरी राहायला गेल्या. सर्जेरावची बायको दारापर्यंत मागं आली. जाईबाई एवढंच म्हणाल्या, "त्याला माझं ध्यान ऱ्हात न्हाई म्हनायचंय ना. मग ऱ्हाऊ दे." आई घर सोडून गेली ही गोष्ट गावभर झाली आणि सर्जेराव आणखी हट्टाला पेटला. आता पाणी दिलं असतं तर लोक म्हणाले असते, आईनं नाक दाबलं म्हणून तोंड उघडलं.

माझ्याकडं अब्बांच्या वेळचं एक डिझेल इंजिन पडून होतं. मी ते साफ केलं, बैलगाडीत घालून विहिरीवर नेलं. आणि माया पुन्हा रात्रीची निघाली, तेच गमबूट आणि तीच काठी. फरक एवढाच की आधी विहिरीवर मोटारीचा बारीक आवाज असायचा, आता इंजिनाचा धडधडाट आणि काळा धूर. दिवसभर ज्या प्लेटा धुराशिवाय पाणी देत होत्या, त्यांच्याच खांबाला टेकून ती रात्री डिझेल जाळत होती. जाईबाई गोधडी पांघरून बांधावर बसायच्या आणि थाळी वाजवत राहायच्या, साप लांब राहावेत म्हणून. थाळीचा आवाज सापाला ऐकू येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

बाग तगली. नुसती तगली नाही, मधे पाणी तुटल्याचा ताण बसला होता, त्यानं बहारही धरला. फुलांचा वास ओढ्यापर्यंत यायचा. मार्च लागता लागता झाडाझाडाला बोराएवढी फळं लागली आणि फळं विकत घेणारा गेवराईचा एक बागवान बाग पाहून गेला. माया प्रत्येक झाडाखाली उभी राहून वर बघायची. मी तिला समाधान गेल्यानंतर पहिल्यांदा गुणगुणताना ऐकलं.

मार्च सरता सरता विहीर खाली गेली. इंजिन काठावर असतं आणि काठावरून ते पंचवीसेक फुटांखालचं पाणी ओढू शकत नाही. प्लेटांवरची मोटार पाण्यातच बुडालेली असते, तिला खोलीचं काही नसतं. त्यामुळं सर्जेरावचा कांदा हिरवागार आणि इकडं इंजिन नुसतं खोकत बसलेलं. विहिरीत मध्यावर एक दगडी टप्पा आहे. माया म्हणाली, इंजिन त्यावर उतरवा.

"वैनी, ते जमणार न्हाई," मी म्हणालो. "विहिरीत इंजिन चालवलं की धूर खाली बसतो. बंद करायला उतरलेला माणूस वर येत न्हाई. म्या डोळ्यानं बघितलंय."

"मी उतरंन. तुमी नका उतरू."

"न्हाई म्हणलं ना!"

"मग कावून दिलं इंजिन? दिलं ते काय बघत बसायला?" ती माझ्यावर ओरडली. माझ्यावर कधी ओरडली नव्हती. "फळं गळायलीत रईसभाई. रोज सकाळी झाडाखाली सडा पडतोय. नवरा रातीनं नेला. ही दिवसा मरायलीत, माझ्या डोळ्यादेखत, आन् शेजारी पाणी व्हातंय!"

मी इंजिन गाडीत घालून परत नेलं. ते तिथं राहिलं असतं तर तिनं कुणाकडून तरी उतरवून घेतलं असतं. जाण्याआधी सर्जेरावच्या बांधावर गेलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. तो कांद्याच्या वाफ्यात उभा होता. त्यानं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "लावून बसलोय रे रईस. आता मधेच तोडलं तर सगळं जातंय. कांदा निघू दे. मग देतो तिला." मी विचारलं, तोवर झाडं थांबतील का? तो वाकून वाफ्यातलं गवत उपटायला लागला.

मायानं रहाट बसवला आणि दोरी-पोहऱ्यानं पाणी शेंदायला लागली. सून शेंदायची आणि सासू घागर घेऊन झाडाच्या बुडाशी ओतायची. तेही रात्रीच, कारण निवाडा रातीचा होता. दिवसा एक घागर काढली असती तर कुणी काही म्हटलं नसतं बहुतेक, पण आता ती हट्टाला पेटली होती. म्हणाली, दिवसाचा एक थेंब मला नको. तिचे हात मी पाहिले. हाफिजानं हळद-तेल लावून फडकं बांधलं तेव्हा ती सलग तीन घासही हातानं खाऊ शकत नव्हती. एवढं करून विहिरीजवळची एक ओळ ओली राहायची. बाकीच्या झाडांची पानं आधी वळली, मग पिवळी झाली, मग गळली. एप्रिलच्या शेवटाला ती विहिरीजवळची ओळही गेली.

वाळलेली मोसंबी उभी ठेवण्यात अर्थ नसतो. पावसाळ्याआधी रान मोकळं केलं तर निदान पावसावरचा कापूस तरी होतो. मायानं कुऱ्हाड घेतली. गडी लावू का, मी विचारलं. नको म्हणाली. "लावली यांनी. तोडते मी." प्रत्येक झाड तिनं स्वतः तोडलं, गुडघ्याएवढं खोड ठेवून. ती लग्न होऊन आली तेव्हा रोपं तेवढीच होती. जाईबाई फांद्या ओढून एकीकडं रचायच्या.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सर्जेरावचा कांदा निघाला.

त्या सकाळी ठेकेदाराचा मला फोन आला. पाहणीला साहेब येणार आहेत, प्लेटा पुसून ठेव, मोटार चालू दिसली पाहिजे. मी पोचलो तर सर्जेराव विहिरीवर एकटाच उभा होता. दाढी वाढलेली. त्यानं फावडं घेतलं, आपल्या रानाकडं जाणारा पाट मातीनं बुजवला आणि मायाच्या रानाकडचा फोडला. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "चालू कर." मी बटण दाबलं. कडक ऊन होतं. मोटारीनं पाइप भरून पाणी टाकलं, इतकं पूर की रामकिसनबाबांनी पाहिलं असतं तर रातची लाईट विसरले असते.

पाणी मायाच्या रानात शिरलं. आळी तशीच होती, समाधाननं प्रत्येक झाडाभोवती गोल ओढलेली. पाणी पहिल्या आळ्यात गेलं, खोडाभोवती फिरलं, भरलं, आणि पुढच्या आळ्यात गेलं. माया घरातून धावत आली आणि बांधावरच थांबली. सर्जेराव तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"घे," तो म्हणाला. "आता रोज दुपारपस्तोर तुझं."

ती त्याला ओलांडून पुढं गेली आणि एका खोडाजवळ चिखलात उकिडवी बसली. ओल्या मातीत बोट घालून पाहिलं. किती खोल भिजलंय ते आम्ही असंच पाहतो. ती तिची सवय होती, दुसरं काही नव्हतं, पण सर्जेराव ते पाहून फावडं टाकून बांधावर बसला.

तेवढ्यात जीप आली. साहेब तरुण होते, स्वभावानं चांगले वाटले. सगळ्यांना जय भीम म्हणाले, प्लेटांवरून हात फिरवला, पाणी पाहून खूश झाले. लाभार्थी कोण, विचारलं. सर्जेरावनं मान वर केली नाही. साहेबांनी मायाकडं पाहिलं आणि बरोबरच्या फोटोवाल्याला म्हणाले, ताईंचा घे, पाण्यात उभ्या आहेत, छान येईल.

"ताई, एक सांगा," साहेब म्हणाले. "आधी रात्री पाणी द्यायला जावं लागायचं ना?"

"हो."

"आता जावं लागतं का?"

मायानं रानावरून एकदा नजर फिरवली. "न्हाई," ती म्हणाली. "आता रातीचं काय कामच ऱ्हायलं न्हाई."

साहेबांनी मान डोलावली. त्यांना खरंच बरं वाटलं असावं. फोटोवाल्यानं मायाला प्लेटांच्या बाजूला सरकवलं आणि मोबाइल वर धरला. रचलेल्या फांद्यांवर बसलेल्या जाईबाई त्याला म्हणाल्या, "बाबा, झाडंबी येऊ दे फोटोत."

त्यानं मोबाइल खाली घेतला आणि सगळ्या रानाकडं पाहिलं.

"कुठली झाडं, आजी?"

मी विहिरीवर गेलो आणि मोटार बंद केली.